सहानंतरचे सात

आई कांद्याची सालं साठवते आहे, हे लेकीच्या लक्षात आलं तेव्हा ईस्टरआधीचा उपवासकाळ निम्मा संपला होता. ओट्याखालच्या पातेल्यात तांबूस, कोरडी सालं ओंजळभर जमली होती.

"हे कशाला?"

"अंडी रंगवायला. ईस्टर आहे ना यंदा, की तोही रद्द?"

"बाबांचं वर्ष झालं नाही अजून."

"होतंय की. गेले तो ईस्टरचा आदला दिवस होता. या ईस्टरच्या आदल्या दिवशी वर्ष भरतं."

"एकोणीस एप्रिलला भरतं, आई. यंदा ईस्टर पाच तारखेलाच आलाय. शनिवार चार तारखेचा. पंधरा दिवस आधी."

"आली मोठी तारीखवाली!" आईने पातेलं पायानेच आत सरकवलं. "घर म्हणजे तुझी लायब्ररी नव्हे, शिक्का बघून पुस्तकं परत घ्यायला."

पंधरा दिवस म्हणजे तसं काहीच नाही. पण वर्षभर ती एका गोष्टीवर जगत आली होती. रोज सकाळी ती मनाशी म्हणायची, गेल्या वर्षी आज बाबा होते. गेल्या वर्षी आज ते चष्मा शोधत होते, आज त्यांनी मला फोन केला होता. एकोणीस तारखेनंतर हे वाक्य म्हणता येणार नव्हतं. त्यातले पंधरा दिवस कुणी सणाच्या नावाखाली गुंडाळून टाकावेत, हे तिला सोसत नव्हतं.

आणि प्रश्न नुसत्या अंड्यांचा नव्हता. प्रश्न टोल्यांचा होता.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. चर्चच्या मनोऱ्यातलं मोठं घड्याळही त्यांच्याकडेच असायचं. ईस्टरआधीच्या गुरुवारी संध्याकाळपासून शनिवारच्या प्रार्थनेपर्यंत चर्चमध्ये घंटा वाजत नाही. म्हणून दर वर्षी गुरुवारी सहाचे टोले पडले, की बाबा वर चढून टोल्यांच्या चक्राला खीळ घालायचे. काटे फिरत राहायचे, आवाज तेवढा थांबायचा. गेल्या वर्षी त्यांनी खीळ घातली, आणि शनिवारी दुपारी खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधता बांधता ते गेले. खीळ काढायची राहिली.

ती कशी काढायची, हे एकट्या तिलाच ठाऊक होतं. लहानपणापासून ती त्यांच्यामागून तो जिना चढत आली होती. चर्चची देखभाल करणारे किल्लीकाका आठवड्याला चावी देत, त्यामुळे काटे वर्षभर बिनचूक फिरले. घड्याळ मात्र मुकं राहिलं. काकांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तिने सांगितलं, वर्ष होऊ दे.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी काकांनी तिला चर्चच्या दारात गाठलंच. कमरेचा जुडगा खुळखुळवत म्हणाले, "पोरी, फादर विचारतायत. आता काय सांगू त्यांना?"

"एकोणीस तारीख सांगा."

"आणि बेकरीवाल्याला? टोल्यावर भट्टी उघडायची सवय त्याला. वर्षभर पाव करपवतोय आणि बोल लावतोय तुझ्या बापाला."

"घड्याळ घ्यायला सांगा त्याला."

"घेतलं होतं. तेही बंद पडलं. आता दुरुस्त कोण करणार?" काका हसले आणि आत वळले.

शनिवारी दुपारी ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात सालांचा उग्र गोडसर वास भरला होता. टेबलावर विटकरी रंगाची अंडी वाळत होती. रागवायचं म्हणून ती आत शिरली होती, पण त्या वासाने ती एकदम आठ वर्षांची झाली. याच टेबलाशी बाबा एक अंडं दिव्यासमोर धरून उभे राहायचे. "हा चंद्र. दिवस आणि रात्र सारखी झाली, की त्यानंतर हा पहिल्यांदा पुरता उजळेल ती पौर्णिमा. तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. जगातली सगळी घड्याळं माझ्या ताब्यात दिलीस तरी हा सण मला सापडायचा नाही. त्यासाठी खिडकीतून बाहेरच बघायला हवं." आणि मग तो चंद्र ते मीठ लावून खाऊन टाकायचे.

"बस," आई म्हणाली. "आमच्या लग्नाचा वाढदिवस कधी असतो?"

"ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी. सोमवारी."

"तारीख सांग."

तारीख तिला ठाऊकच नव्हती. कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलच्या शेवटी, पण तो सोमवार कधी चुकला नव्हता.

"मलाही कागद बघावा लागेल," आई म्हणाली. "लग्न झालं तो सोमवार होता, एवढं आम्हाला पुरलं. चाळीस वर्षं ज्याने संसार चंद्रावर मोजला, त्याचं मरण तू कॅलेंडरवर मोजणार?" तेलाच्या बोळ्याने ती एकेक अंडं चमकवत होती. खाली बघतच ती म्हणाली, "एकोणीस तारीख तुझी. ती कोण घेतंय तुझ्याकडून? मला आजचा दिवस दे."

आईने वर्षभरात तिच्याकडे काही मागितलेलं नव्हतं.

दिवस मावळताना ती मनोऱ्यात चढली. खाली अंधारात मेणबत्ती मेणबत्तीला लागत होती, आणि फटीतून उजेडाचे ठिपके वाढताना दिसत होते. चक्रावर धूळ होती. खिळीला बाबांनी बांधलेलं फडकं तसंच होतं. तिने ते नुसतं बोटांनी चाचपलं.

या घड्याळाची एक खोड होती. टोल्यांचं चक्र वेळ बघत नाही. जिथे थांबवलं, तिथून पुढचाच आकडा ते वाजवतं. गुरुवारी सहानंतर थांबवलं, म्हणजे सुटल्यावर ते आधी सात वाजवणार, मग बाहेर काहीही वाजलेलं असो. म्हणून शनिवारी बाबा वर थांबून राहायचे. पावणेआठच्या सुमारास गौरवगीत सुरू झालं, की दोन दिवस गप्प असलेल्या सगळ्या घंटा एकदम वाजू लागतात. त्या कल्लोळात बाबा राहिलेले सात टोले उरकून घ्यायचे. खाली कुणाला कळायचंही नाही. आठ वाजता घड्याळ अगदी बरोबर आठ वाजवायचं.

तिने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. वर्षभराचा खंड भरून काढायलाही तेच सात टोले लागत होते, एकही जास्त नाही.

खाली गीत उठलं आणि घंटा सुटल्या. मनोरा पायाखाली थरथरला. तिने फडकं सोडून खिशात घातलं, दोन्ही हातांनी खीळ ओढली. ती घट्ट बसली होती. गुडघा दगडाला टेकवून तिने जोर लावला, तेव्हा ती सुटली.

हातोडा उचलला गेला आणि पडला. एक. कानठळ्या बसवणाऱ्या त्या गोंगाटातही त्याचा जाड आवाज तिला वेगळा ऐकू येत होता. दोन, तीन. बाबांनी अडवून धरलेले त्या गुरुवारचे सात होते हे, आणि जगात फक्त ती ते मोजत होती. पाचव्यापर्यंत तिने मोजले. पुढचे दोन तिने नुसते ऐकले.

आठ वाजले तेव्हा ती जिन्यात होती. चर्चच्या दारातून पाठमोरी आई दिसत होती. पहिल्या टोल्याला तिने मान वर केली नाही. हातातली मेणबत्ती तेवढी विझू नये म्हणून दुसऱ्या हाताने झाकली, आणि शेजारी लेकीसाठी जागा करत ती जराशी सरकली.