चुकलेल्या ईदेच्या बांगड्या

इसाकमिया बोलायला उभा राहिला की मशिदीच्या अंगणातली माणसं तंबाखू मळायचीसुद्धा थांबत. बेलापूरच्या खाडीकाठच्या त्या गावात मॅट्रिक झालेला कोकणी मुसलमान तो एकटाच, आणि गोऱ्या साहेबाच्या नावानं बोटं मोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचं एक ठरलेलं भाषण होतं. साहेबानं आपल्या मडमेला मालमत्तेचा हक्क दिला तो परवापरवा. आमच्या दीन-धर्मानं बाईला वाटा दिला तेराशे वर्षांपूर्वी. भावाच्या निम्मा का होईना, पण नेमून दिलेला, कोणाच्या मेहेरबानीचा नव्हे. साहेब गेला, आता त्याचा कायदाही खाडीत बुडवा, असं तो म्हणे आणि माणसं माना डोलावत.

पडद्यामागे बायकांत बसलेली त्याची थोरली बहीण हुर्मत हे ऐके आणि तिचा ऊर भरून येई. आई गेली तेव्हा इसाक रांगत होता. तिनंच त्याला भात भरवला, त्याला शिकायला पनवेलला धाडायचा हट्टही तिनंच बापाकडे धरला. आपण वाढवलेलं पोर आपल्याच हक्काचं बोलतंय, याहून बाईला आणखी काय हवं?

आणि हक्काची तिला गरजही होती. नवरा बोटीवर खलाशी. तो एडनला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. हुर्मत दिराच्या पडवीत दिवस काढत होती. जाऊ तोंडानं काही बोलत नसे, पण चुलीवर भांडं असं आदळी की बहिऱ्यालाही कळावं. बाप वारला तेव्हा खाडीला बांध घालून काढलेल्या खारातल्या जमिनीपैकी हुर्मतच्या डोळ्यांपुढे एकच तुकडा होता, उघाडीजवळचा. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. त्यातून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी बाहेर अडवायचं. ते दार सांभाळायला बापाच्या मागोमाग चिखलात उतरायची ती हुर्मत. इसाकला पुस्तकं होती. त्या तुकड्याच्या कडेला खोपट बांधावं, स्वतःची चूल मांडावी आणि कोणाची आदळआपट ऐकू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

वारसांची नावं लावायला सर्कल साहेब चावडीवर येणार, असा निरोप आला. आदल्या दिवशी इसाक स्वतः तिच्याकडे आला. माझ्या तुकड्याचं काय, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, मी असताना तू कशाला घोर लावून घेतेस. फक्त साहेबानं विचारलं की भाऊ चोळी-बांगडी करतो का, तर लाजू नकोस, मोकळेपणानं सांग. चारचौघांत घराचा मान राहतो.

लेक सासरी गेली की दर ईदेला भावानं तिला लुगडं, चोळी आणि बांगड्या करायच्या, ही त्या गावाची रीत. दिवाळीला आगऱ्यांच्या घरीही तेच चालायचं. ज्या बाईच्या माहेरून हे येई ती दारोदार दाखवत फिरे, आणि हुर्मत तर सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या दिवशी चावडीवर साहेबांनी नेमकं तेच विचारलं. हुर्मतनं पदर सारखा केला आणि मान ताठ करून सांगितलं, "एक पन ईद चुकली नाय, साहेब. माजा भाऊ कदी इसरला नाय."

खरं तर एका वर्षी तो विसरला होता. लोकांत त्याची शोभा नको म्हणून तिनंच गुपचूप कासाराकडून बांगड्या भरून घेतल्या आणि भावानं धाडल्या म्हणून गावभर मिरवल्या. ती ईदसुद्धा तिनं त्या दिवशी भावाच्या पदरात घातली.

मग इसाक उभा राहिला. आवाज तोच, मशिदीच्या अंगणातला. आमच्या गावात लेकी चोळी-बांगडी घेतात आणि जमीन मुलग्यांकडे राहते, असा पूर्वापार रिवाज आहे, तो म्हणाला. आमच्या आत्यांनी तसंच केलं. आता बहिणीनंही स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. शरियतचा कायदा इंग्रजानं सदतीस साली केला खरा, पण त्यातून शेतजमीन वगळली. तिथं रिवाजच चालतो.

हुर्मतला आधी वाटलं, हा दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय. मग तिनं विचारलं, "इसाक, कुरानात काय लिवलंय?"

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "बुबू, ते जमातीत. ही चावडी हाय."

साहेब भला माणूस होता. कायद्यापुढे माझाही इलाज नाही बाई, असं हळू आवाजात म्हणाला आणि त्यानं एकट्या इसाकचं नाव लावलं. गोरा जाऊन दहा वर्षं झाली होती, पण त्याची खुर्ची गावात जशीच्या तशी होती, आणि ज्याला सोयीची वाटे तो तिच्यावर बसत होता. जमीन गेल्याचं हुर्मतला दुःख झालंच. पण परक्यानं लुटलं असतं तर तिनं शिव्या तरी दिल्या असत्या. इथं पोटच्या पोरासारख्या भावानं केसानं गळा कापला होता, आणि केस तिच्याच मायेचा होता.

ईद आली. एरवी गड्याच्या हाती पुडकं धाडणारा इसाकमिया या खेपेला स्वतः आला, बरोबर जमातीतले दोन म्हातारे घेऊन. लोकांनी बघावं, बहीण-भावात काही बिनसलेलं नाही. हुर्मतनं तिघांना चटईवर बसवलं, शीरखुर्मा दिला. इसाकनं पुडकं पुढे केलं, तेव्हा तिनं हात पुढे केला नाही.

"बाबाची जमीन मागच्या लुगड्यांत गेली," ती म्हणाली. "ह्या लुगड्यावर काय सोडायचं ते आदी सांग. माज्याकडं आता भाऊच उरलाय."

लोकांदेखत हे कशाला, असं इसाक पुटपुटला.

"चावडीवर बी लोकच होते. आनि आयका तुमी पन, चाचा. एक ईद हा इसरला होता. त्या बांगड्या मी माज्या पैशानं भरल्या आनि नाव याचं सांगितलं. इसाक, त्या एका ईदेपुरती तरी माजी जमीन परत दे."

म्हाताऱ्यांनी वाट्या खाली ठेवल्या.  पुडकं काखेत मारून इसाक उठला आणि त्यांच्या आधीच पायऱ्या उतरला. आत चुलीवर भांडं आदळलं, तशी हुर्मत उठली आणि जावेच्या हाताखाली कामाला लागली.