क्षेपणास्त्राची मोजपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी मोजपट्टी आहे. अंगावर गंज चढला आहे, मला गुंडाळायची मूठ मोडली आहे आणि बेलारूसमधल्या एका खेड्यात, बटाट्यांच्या पोत्यांमागे मी खिळ्याला टांगलेली आहे. पण माझ्यावरचे आकडे अजून वाचता येतात. जे सांगायचे आहे ते सांगितल्याशिवाय मी काही मोडीत जाणार नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबरच्या पट्ट्यांवर फूट आणि इंच होते, माझ्यावर मीटर. त्या मला हसायच्या. म्हणायच्या, "तुला इथे विचारतंय कोण?" त्यांचे खरेच होते. मला जायचे होते समुद्रापार, ज्यांना शत्रू म्हणत त्यांच्या देशात.

त्या काळी अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन महासत्तांनी इतके अणुबॉम्ब जमवले होते, की सारी पृथ्वी पुन्हापुन्हा जाळता आली असती. एकाने दहा केले की दुसरा अकरा करी. शेवटी बरीच वर्षे घासाघीस करून त्यांनी करार केला, की ठरावीक जातीची क्षेपणास्त्रे कापून टाकायची. पण एकमेकांवर विश्वास कोण ठेवणार? म्हणून ठरले, की कापण्याआधी समोरच्या देशाच्या माणसांनी येऊन ती स्वतः मोजायची. नाहीतर एखाद्याने भलतेच नळकांडे कापून दाखवायचे आणि खरे जंगलात लपवायचे. मोजायचे म्हटले की मी आलेच.

माझा मालक हाल्व्होरसन, अमेरिकेचा तपासनीस. उंच, अबोल, नियमाचा पक्का. पूर्वी तो पूल मोजायचा. पाइनच्या जंगलातल्या सोव्हिएत तळाकडे निघालो, तेव्हा मी जीपमध्ये त्याच्या मांडीवर होते आणि शेजारी सोव्हिएत बाजूची दुभाषी झोया अर्काद्येव्हना बसली होती. क्षेपणास्त्रे ठेवलेल्या तळावरच्या शेडचा मुकादम येफीम साव्विच याच्याबद्दल ती सांगत होती. तो लहान असताना दुसऱ्या महायुद्धात त्याचे गाव जाळले गेले. घरे गेली, माणसे गेली, उभी राहिली ती फक्त चुलींची धुराडी. पुढे जन्मभर त्याने याच तळावर क्षेपणास्त्रे सांभाळली. आता एक तरी कापलेले डोळ्यांनी बघायचे, म्हणून त्याने निवृत्ती पुढे ढकलली होती.

शेडच्या दारात घोडे अडले. पाहुण्यांनी आपले सामान तपासून घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही, असा नियम. मोजमाप होईपर्यंत मुकादमाने शेड सोडायची नाही, असाही नियम. म्हणजे हाल्व्होरसन बाहेर, येफीम आत आणि मध्ये उंबरठा. हाल्व्होरसनने मला तपासायला पुढे केले. येफीमने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"इथं नको," तो म्हणाला.

झोयाने ते शब्द जसेच्या तसे इंग्रजीत सांगितले. दुभाष्याने दुसऱ्याचेच शब्द बोलायचे असतात, पदरचा एकही नाही. हाल्व्होरसनने पुन्हा मला पुढे केले. येफीम एक पाऊल मागे सरला आणि पुन्हा तेच म्हणाला. हाल्व्होरसनला वाटले, या तळावर मोजूच देत नाहीत. त्याचा चेहरा दगडासारखा झाला. त्याने खिशातून पेन काढले.

मित्रांनो, त्या पेनाची मला फार भीती वाटली. 'तपासणीला नकार' एवढे त्याने लिहिले असते तरी पुरे होते. करार कधी फिसकटतो याची वाट पाहणारे लोक दोन्ही राजधान्यांत होते. त्यांच्यासारखाच एक, तळाचा कर्नल, खांबाला टेकून उभा होता. तो आपल्या माणसांना म्हणाला, "लिहू द्या त्याला. सुंठीवाचून खोकला जाईल."

ते ऐकले तेव्हा हाल्व्होरसनला हा नकार वाटतोय हे झोयाला कळले, आणि माशी कुठे शिंकली तेही ध्यानात आले. तुमच्यातल्या कितीतरी घरांत उंबरठ्यावरून काही देत-घेत नाहीत ना? तसेच तिच्याकडेही. ती त्या रीतीतच वाढली होती, म्हणून तर तिला ती दिसली नव्हती.

"आता मी माझं बोलते," ती हाल्व्होरसनला म्हणाली. "उंबऱ्यावरून काही दिलं-घेतलं की भांडण होतं, असं आमच्याकडे मानतात. आज भांडण नको, म्हणून ते हात मागे घेताहेत."

"तुम्हाला विचारलं कोणी?" कर्नल कडाडला.

"कोणीच नाही," ती म्हणाली, आणि तिने मागे वळूनही पाहिले नाही.

हाल्व्होरसनने पेन खाली घेतले. पण तो आत जाऊ शकत नव्हता आणि येफीम बाहेर येऊ शकत नव्हता. मोजमापाच्या सामानाला दुभाष्याने हात लावायचा नाही, हाही नियमच होता. तरी झोयाने हात पुढे केला. बाहेर उभे राहून तिने मला घेतले, उंबरठा ओलांडला आणि आत उभे राहून येफीमच्या हातात दिले.

"पोरी, नोकरी जाईल की तुझी," येफीम हळूच म्हणाला.

"जाऊ दे. तुम्ही मोजा."

मग मला तपासले आणि हाल्व्होरसनला आत घेतले. क्षेपणास्त्राच्या शेंड्याशी तो, बुडाशी येफीम, असे दोघांनी मला धरले. पट्टी सैल पडली की माप खोटे येते. म्हणून दोघांनी मला असे ताणले, की आता तुटते की काय असे मला वाटले. आकडा करारातल्या मापाशी बरोबर जुळला. मग ठिणग्या उडाल्या आणि ते धूड दोन तुकडे होऊन पडले. येफीम टोपी काढून उभा होता. तो रडत होता आणि ते लपवतही नव्हता.

त्यानंतर मी खूप क्षेपणास्त्रे मोजली. वर्तमानपत्रांत फोटो आले ते हात मिळवणाऱ्या पुढाऱ्यांचे. झोया पुन्हा कधी तळावर दिसली नाही. कर्नलने तिला कामावरून काढायला लावले. ती कुठल्याशा शाळेत इंग्रजी शिकवू लागली, असे ऐकले. प्रत्येक दारात मी तिला शोधत असे, आणि ती नाही म्हणून दर वेळी वाईट वाटे.

काम संपल्यावर हाल्व्होरसनने मला येफीमला देऊन टाकले. येफीमने माझ्याकडून मधमाश्यांच्या पेट्यांच्या फळ्या मोजून घेतल्या. तो गेला आणि मी या खिळ्यावर आले. तो करारही आता उरला नाही. पुन्हा क्षेपणास्त्रे बनताहेत आणि जो तो म्हणतो, सुरुवात समोरच्याने केली.

मित्रांनो, मला थोडे तेल लावा, मी अजून कामाची आहे. करारही असेच असतात, वापर थांबला की गंजतात. आणि समोरच्याने हात मागे घेतला, तर पेन काढण्याआधी त्याला एकदा विचारा. मला धरणारे ते दोघे काही मित्र नव्हते. शेवटपर्यंत झाले नाहीत. मला त्याची गरजही पडली नाही. आपापले टोक त्यांनी सोडले नाही, एवढेच मला पुरले.