पोटात गाणी, नाव 'इंजिनिअरिंग ड्रॉइंग'

मी एक फोल्डर बोलतोय. पिवळा, चपटा, संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात बसलेला. नाव 'इंजिनिअरिंग ड्रॉइंग'. पोटात एकही ड्रॉइंग नाही. सगळी गाणी.

खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये माझा जन्म झाला. तेव्हा पुण्यातल्या प्रत्येक पोराला सॉफ्टवेअरमध्ये जायचं होतं, म्हणजे बापांना त्यांना घालायचं होतं. संपतरावांनी संगणक आणला, प्रेमलाताईंनी त्यावर झालर लावलेलं फडकं टाकलं आणि दोघांनी पोराला, सूरजला, बजावलं, "यावर फक्त अभ्यास." सूरजनं लगेच मला जन्माला घातलं.

मला पकडणं सोपं होतं. एकदा उघडायचं, बस. पण संपतराव दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, स्टोअरला. तिथला नियम असा की पेटी उघडायची नाही, लेबल वाचायचं. घरीही डाळीच्या डब्यावर 'डाळ', मिठाच्या बरणीवर 'मीठ'. शेजाऱ्यांना ते मला बाहेरूनच दाखवायचे. "बघा पोराचं ड्रॉइंग! एवढं जड झालंय, मशीन हँग होतं." शेजारी माना डोलवायचे. मोठी माणसं एकमेकांना न तपासताच पास करतात.

आत सूरजनं झकास कप्पे लावले होते. 'हळदीला नाचायची', 'मिरवणुकीची', 'एकट्यानं ऐकायची'. एक 'बाबा ओरडल्यावर', सगळ्यात गलेलठ्ठ. आणि एक 'आजी'. त्यात एकच गाणं, द्वारकाआजीनं बाबासाहेबांवर स्वतः जोडलेलं, स्वतः गायलेलं. आजी गेली. कॅसेटही टेपच्या चाकात अडकून तुटली. त्याआधी सूरजनं ते माझ्यात उतरवलं म्हणून वाचलं. जगात तेवढंच.

मग सूरजनं कॉलेज सोडलं.

"अख्ख्या नोकरीत एक दांडी मारली नाही मी!" संपतराव गरजले. "आणि तू कॉलेज सोडतोस? मग हे ड्रॉइंग तरी कशाला पाहिजे?"

मला उचललं आणि संगणकातल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. न उघडता. माणूस रागातसुद्धा लेबलच वाचतो.

सूरजनं नंतर टोपलीत डोकावून बघितलं. "पडून राहा," म्हणाला, "येतील मागायला."

याला काय जातंय! इकडे प्रेमलाताई रोज माउस धरून विचारायच्या, "अहो, ही टोपली भरलेली दिसते. ओतून टाकू?" मला घाम फुटायचा.

एप्रिल आला. जयंतीच्या मांडवात आईचं गाणं लावायचं संपतरावांच्या मनात आलं.

"सूरज, आईचं गाणं कुठंय?"

"ड्रॉइंगमध्ये."

"कसल्या ड्रॉइंगमध्ये?"

"तुम्ही फेकलंत त्या."

संपतरावांचा चेहरा पुसल्यासारखा झाला. "मिळेल का रे?" त्या घरात 'रे' बऱ्याच दिवसांनी ऐकू आला.

सूरजनं मला बाहेर काढलं, उघडलं, आजी गायला लागली. संपतरावांनी डोळे मिटले. आता एक गंमत. कॅसेट होती तेव्हा गाणं संपलं रे संपलं की ते झटकन टेप बंद करायचे. इथं कुठलं बटण दाबायचं ते कळेना. "बंद कर, अरे बंद कर!" सूरज बहिरा झाला.

गाणं संपलं आणि आजी खेकसली, "संपत, मेल्या, आज बी फॅक्टरीला दांडी? टेप धरून बसलाय नुसता!"

प्रेमलाताई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "एक दांडी नाही म्हणे!"

"मांडवात लावताना शेवट कापू का?" सूरजनं अगदी साळसूदपणे विचारलं.

संपतरावांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "राहू दे. आईचा आवाज आहे." मग एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी माझं नाव बदललं, 'गाणी'.

म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. कॉलेजवरून अजून वाजतंच. 'बाबा ओरडल्यावर'मध्ये कालच दोन गाणी वाढली.

वडीलधाऱ्यांनो, फेकायचं तर आम्हाला खुशाल फेका. आधी फक्त एकदा उघडा. आत तुमचीच एखादी दांडी निघेल.