माझी खोटी रेघ

मी इकोच्या मशीनचा प्रोब बोलतोय. छातीला थंडगार जेल फासून जी मूठ फिरवतात ना, तीच. मी आत आवाज सोडतो, परत येईल तो झेलतो, आणि पडद्यावर काळीज हलताना दिसतं. खोटं दाखवायचं मला कुणी शिकवलं नव्हतं.

नवा होतो तेव्हा डॉक्टर मला लेकरासारखं पुसायचे. मग एकदा नर्सबाईंचा पाय वायरीत अडकला आणि मी फरशीवर आदळलो. आवाज सोडणारे-झेलणारे आतले चार दाणे मेले. तेव्हापासून प्रत्येक चित्रात एक तिरपी पांढरी रेघ यायला लागली. काम चालतंय म्हटल्यावर बदलतंय कोण! डॉक्टर हसून सांगायचे, "ती रेघ सोडून द्या. आमच्या म्हाताऱ्याची सुरकुती आहे."

म्हातारा म्हणजे मी. मीही हसायचो. निर्लज्ज मेला!

एक दिवस एक गवंडी आला, घामानं निथळत. म्हणाला, "पाठीत कुणी टर्रकन कापड फाडावं तसं झालं."

बायको खेकसली, "अहो, कापड काय कापड! नीट सांगा की."

"अगं, तसंच झालं तर काय सांगू?"

डॉक्टरांनी मला छातीवर टेकवलं. काळजातून निघणाऱ्या मोठ्या धमनीत एक रेघ दिसली. माझी रेघ मढ्यासारखी पडून असते. ही तर दर ठोक्याला फडफडत होती. धमनीचं आतलं अस्तर फाटून लोंबत होतं! असला रोगी आमच्याकडे वर्षातून एखादा. आता घाई केली तरच वाचणार.

डॉक्टर थबकले. मी आतल्या आत बोंबललो, "अरे शहाण्या, मला गळ्याखालच्या खळगीत लाव! तिथूनही बघ! खरं-खोटं लगेच कळेल!"

"म्हातारा आज जास्तच थरथरतोय," डॉक्टर म्हणाले. मला पुसून खुंटीला अडकवलं. "हृदय ठणठणीत आहे. पित्त झालंय. गोळ्या घ्या."

गवंडी फाटकापर्यंतही पोचला नाही. पायऱ्यांवरच गेला.

पंधरा दिवसांनी त्याची बायको आली. रडली नाही. "डॉक्टर, मशीनमध्ये काहीच दिसलं नव्हतं का हो?"

डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाले, "मशीन जरा खराब होतं, बाई."

"मग खराब मशीन माझ्या माणसाला लावलंच कशाला?"

ती उभी राहिली, राहिली, आणि निघून गेली.

आता मी कपाटात पडून आहे. एकट्या डॉक्टरांना शिव्या देऊन माझं पाप फिटत नाही. डोळ्यांना खोट्या रेघेची सवय मीच लावली. रोज खोटं दाखवणाऱ्याचं एका दिवसाचं खरं कोण मानणार?

वहिनी, तोंड दाखवायला जागा नाही मला. पण दिसलं होतं. मी खराब होतो, आंधळा नव्हतो. ते चित्र अजून मशीनमध्ये साठवलेलं आहे. दुसऱ्या कुठल्या तरी डॉक्टरला घेऊन या, आणि ते उघडायला लावा.