डेस ट्रेगेअरचं पडणं

आजही मी वारिंडाच्या क्लबात पाऊल टाकलं की कुणीतरी माझ्यापुढं बिअर सरकवतं आणि म्हणतं, "केल, सत्त्याहत्तरची फायनल सांग की." मग मी सांगतो. पाऊस कसा होता, मैदानाचा चिखल कसा घोट्यापर्यंत होता, शेवटच्या दहा मिनिटांत मी एकट्यानं बचाव कसा धरून ठेवला आणि भोंगा वाजल्यावर मैदानाभोवती लावलेल्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न कसे पाव तास वाजत होते. सामनावीराचं पदक मला मिळालं. यातलं एक अक्षर खोटं नाही. पण त्याच्या आदल्या शनिवारी काय झालं ते कुणी विचारत नाही, आणि मी तरी कशाला आपणहून काढतोय?

अकरा हंगाम खेळलो. दोनशे चौदा सामने. दोन्ही गुडघे आता धातूचे आहेत. उजवी करंगळी अशी वाकडी झालीय की चहाचा कप धरला की बाहेर राहते, आणि नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा नखरे करतोय. तक्रार नाही माझी. फुटी म्हणजे आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, चेंडू हातानंही झेलायचा; अंगाला अंग भिडणारच. ज्याला ते झेपत नाही त्यानं टेनिस खेळावं.

गेल्या बुधवारी सकाळी फोन वाजला. पलीकडं नोरीन होती, टॉलबटच्या डेस ट्रेगेअरची बायको. टॉलबट आमच्यापासून तीस किलोमीटरवर, आमचा जुना वैरी क्लब. नोरीनला नमस्कार-चमत्काराची सवय नाही.

"केल, तुझ्याकडं काम आहे. डेसचं डोकं जात चाललंय रे. परवा लोकर कापणारे आले, तर त्यांना म्हणतो, बाबांना विचारून सांगतो. बाबांना जाऊन तीस वर्षं झाली."

"ऐकलं होतं. वाईट वाटलं गं."

"वाटू दे. आता नीट ऐक. शहरातल्या डॉक्टरीणबाईंना त्याच्या डोक्याला आयुष्यात कधी कधी मार बसला त्याची यादी हवीय. घोड्यावरून पडला ते मी लिहिलं. राहिलं ते सत्त्याहत्तरचं, तुझ्या खांद्यावर आपटला होता ना हा धांदरट, ते. त्या म्हणतात, चोवीस वर्षांचा धडधाकट गडी चालत्या सामन्यात आपोआप कसा पडेल? पडायच्या आधीच डोक्यात काही बिघाड असेल. आणि तसं असेल तर ते पोरांतही उतरू शकतं." इथं ती जरा थांबली. "आमच्या जॅनेलला चौथा महिना लागलाय, केल. पोरगी रात्रंदिवस रडतेय. तू सगळ्यात जवळ होतास. तो नक्की कसा पडला ते मला हवंय. रविवारी चहाला ये."

"येतो," म्हणालो आणि फोन ठेवला. मग तिथंच खुर्चीत बसून राहिलो.

तर आता सांगतोच.

तो उपांत्य सामना होता. जिंकेल तो फायनलला, हरेल तो घरी. माझ्यासमोर डेस होता. तीन वर्षांनी माझ्याहून लहान, आणि असा उंच उडायचा की वाटायचं, हा आता खाली यायचं विसरलाय. मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबानं त्याला पत्र पाठवलं होतं, उन्हाळ्यात सरावाला ये म्हणून. आमच्या अख्ख्या पट्ट्यात तसं पत्र दुसऱ्या कुणाला आलं नव्हतं. मला तर नाहीच. मी सत्तावीसचा झालो होतो आणि आता येणार नाही हे मला कळून चुकलं होतं.

त्या दिवशी त्यानं माझं पार भरीत केलं. चार वेळा माझ्या डोक्यावरून झेल घेतला. एकदा तर माझ्या खांद्यावर गुडघा ठेवून वर चढला, शिडी लावावी तसा. आमच्याच गावची माणसं आमच्याच गाड्यांतून ओरडत होती, "केल, त्याला चहा तरी विचार!" तिसऱ्या सत्रात चेंडू पार दुसऱ्या टोकाला होता. सगळ्यांचे डोळे तिकडं. डेसही तिकडंच बघत होता, कमरेवर हात ठेवून. मी मागून गेलो आणि कोपर त्याच्या डाव्या कानाखाली घातलं. सगळं अंग त्यात घातलं. जबडा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो तोंडावर पडला आणि हललाच नाही.

एका पंचानं पाहिलं, लांबून. त्यानं वही काढून माझा नंबर लिहिला. मंगळवारी संध्याकाळी शिस्त समितीपुढं सुनावणी लागली. दोषी ठरलो असतो तर निदान सहा सामने बाहेर, म्हणजे शनिवारची फायनल गेलीच.

आता आमच्याकडं एक रीत आहे, कागदावर कुठंही लिहिलेली नाही पण सगळ्यांना पाठ आहे. मैदानावर जे झालं ते मैदानावर. मार खाणारा समितीपुढं मार देणाऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याच्याशेजारी कुणी बसत नाही, त्याचेच भिडू बसत नाहीत. डेस त्या संध्याकाळी आला तो जबडा तारांनी बांधून. बोलता येत नव्हतं. त्यानं कागदावर लिहून दिलं आणि अध्यक्षांनी वाचलं: "मी मागं बघत पळत होतो. चिखलात घसरलो आणि याच्या खांद्यावर आपटलो. केल नोस्केचा काही दोष नाही." अध्यक्ष स्वतः जुने खेळाडू. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मला मोकळं सोडलं. त्या खोलीत एकही माणूस असा नव्हता ज्याला खरं माहीत नव्हतं. आणि सगळे खूश होते! मीसुद्धा. मला वाटलं, काय राजा माणूस आहे हा.

डेस परत कधी खेळला नाही. डावा कान गेला, चक्कर यायची, मेलबर्न राहिलं ते राहिलंच. बापाच्या शेतात गहू आणि मेंढ्या बघत राहिला. आम्ही मेंढ्यांच्या बाजारात भेटायचो, क्लबांच्या जेवणात भेटायचो. पाऊसपाणी, भाव, गुडघे. त्याविषयी एक शब्द कधी नाही. सेहेचाळीस वर्षं.

बुधवार ते रविवार मी स्वतःशीच भांडलो. एक मन म्हणे, रीत ती रीत, त्यानं एवढी पाळली आणि तू तोंड उघडणार? म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखंच की. दुसरं म्हणे, अरे गाढवा, तिकडं एक पोरगी पोटाशी हात धरून रडतेय. आणि मधूनच एक तिसरं मन, त्याची मला लाज वाटते, ते विचारत होतं की मग क्लबाच्या भिंतीवर माझा पदक घेतलेला फोटो आहे, त्याचं काय होणार? माझी बायको मार्लीन असती तर तिनं एका वाक्यात निकाल लावला असता. ती जाऊन सहा वर्षं झाली.

रविवारी गेलो. नोरीननं व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. घरी भाजलेले ताजे स्कोन-पाव, जर्दाळूचा मुरंबा, आणि शेजारी डॉक्टरीणबाईंचा कागद अन् पेन. डेस उन्हात बसला होता, टॉलबटच्या क्लबाचा मफलर गळ्यात. वाळलाय बिचारा. पण मला बघून चेहरा फुलला.

"नोस्के! यंदा तरी तुम्हाला धड बूट दिलेत का रे तुमच्या क्लबानं?"

"तुझ्यापेक्षा बरे आहेत, लेका."

"मग पळत का नाहीस त्यात?" म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला.

नोरीननं चहा ओतला. "बघितलंस? सकाळपासून मला नर्सबाई म्हणतोय, आणि तुला नावानिशी ओळखलं. चल, लिहून घेते. शुद्ध किती वेळ गेली होती?"

"दहा मिनिटं तरी. स्ट्रेचरवरच नेला."

"आणि पडला कसा? आधी डोळे फिरले का, हातपाय वाकडे झाले का? की नेहमीसारखं, पायात पाय?" ती मला हसवायला बघत होती. "मी सगळ्यांना सांगते ना, माझा नवरा मेलबर्नला निघाला होता, पण वाटेत स्वतःचेच पाय आडवे आले."

हा तिचा ठरलेला विनोद. प्रत्येक जेवणात व्हायचा, प्रत्येक बारशाला, आणि डेस मान खाली घालून हसायचा. मी तोपर्यंत समजत होतो की नवरा-बायकोचं आपसात काहीतरी आहे, तिला खरं माहीत असणार आणि ही थट्टा त्यावरचं पांघरूण असणार. पण तिच्या हातातला पेन बघितला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. या बाबानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं! समितीपुढं एकदा खोटं बोलला, आणि आपल्या घरात, आपल्या अंथरुणात, आपल्या पोरांपुढं जन्मभर तेच बोलत राहिला.

"नोरीन, तो घसरला नाही," मी म्हणालो. "मी मारलं."

"म्हणजे?"

"कोपर. मागून. चेंडू जवळपास कुठंही नव्हता. डाव्या कानाखाली, होता नव्हता तेवढा जोर लावून. त्याच्या डोक्यात आधी काही बिघडलेलं नव्हतं. मी बिघडवलं. जॅनेलला सांग, तिच्या रक्तात काही नाही. लिही तू, मी खाली सही करतो."

तिनं लिहिलं. तारीख लिहिली, मैदानाचं नाव लिहिलं, 'कोपर' लिहिलं, कागद माझ्यापुढं केला. मी सही केली. मग ती उठून आत गेली, आणि मला फोनवरचा तिचा आवाज ऐकू आला, "जॅनेल, रडू नकोस, ऐक आधी." मग आतलं दार लागलं.

डेस स्कोन खात होता. मुरंबा त्याच्या हनुवटीवर आला होता. मी रुमालानं पुसला. त्यानं पुसू दिलं.

नोरीन परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"थांब," ती म्हणाली. "मारलंस ते मारलंस. माझे तीन भाऊ फुटी खेळले, मी काही कालची नाही. सत्तावीस वर्षांचा बैल होतास, डोकं फिरलं, हाणलंस. ते मी गिळीन कधीतरी. पण केल, मी तो विनोद सांगायचे तेव्हा तू तिथं असायचास."

मी कप बशीत ठेवला.

"चाळीस वर्षं! धांदरट म्हटलं मी त्याला. पोरांना म्हटलं, बापासारखे पायात पाय घालून पडू नका. परक्या लोकांत म्हटलं. आणि तू बिअरचा ग्लास घेऊन समोर उभा असायचास आणि हसायचास. सगळ्यांत मोठ्यानं तूच हसायचास, केल."

हे खरं होतं. कोपराचं मी सेहेचाळीस वर्षं मनात उगाळलं होतं, रात्री जागलो होतो, स्वतःला माफही करून झालं होतं, कारण त्याला खेळ म्हणता येत होतं. हसण्याचं मला कधी आठवलंसुद्धा नाही. आणि आता आठवलं तर एकेक ठिकाण आठवत होतं. टॉलबटचा हॉल. त्यांच्या थोरल्याचं लग्न. माझ्याच साठीचा वाढदिवस, तेव्हा तर मीच तिला म्हणालो होतो, "नोरीन, तो मेलबर्नचा सांग ना." लाज वाटली म्हणणं कमी आहे. बसल्या जागी वितळून जावं असं वाटलं.

"जातो मी," म्हणालो.

"बस," ती म्हणाली. "चहा संपव. त्याला आवडतोस तू."

मग ती खुर्ची ओढून डेसच्या जवळ बसली, डाव्या बाजूला. काहीतरी बोलायला वाकली आणि थबकली. तो कान बहिरा. उठली, खुर्ची उचलून उजव्या बाजूला नेली, पुन्हा बसली आणि त्याचा हात हातात घेतला.

"डेस," ती म्हणाली, "तू पडला नव्हतास. मला आत्ता कळलं. तू पडलाच नव्हतास रे. केलनं मारलं होतं तुला."

डेसनं चटकन मागं बघितलं, दाराकडं बघितलं, मग घाईघाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल, बाई," तो कुजबुजला. "त्याला शनिवारी खेळायचंय."