डाव्या हाताचा चुडा

बाईजाने झोपलेल्या सुनेच्या डाव्या मनगटावर अंगठा ठेवला. काहीच लागलं नाही. तिने अंगठा वर सरकवला, मग वाकून कान लावला. ऑपरेशन करून देवकीच्या हातातल्या दोन शिरा जोडल्यापासून तिथे सतत घरघर चालायची, शेजारच्या घरात जातं फिरावं तशी. आज तिथे काही नव्हतं.

"देवकी, ऊठ गो. हात बंद पडलाय."

देवकीने डोळे उघडले, पण हाताकडे पाहिलं नाही.

दोन वर्षांपासून तिची मूत्रपिंडं निकामी होती. आठवड्यातून दोनदा धसईहून मुरबाड, मुरबाडहून कल्याण, आणि तिथे याच हातात सुया टोचून रक्त धुऊन घ्यायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, या हाताला घड्याळ नको, बांगडी नको, दाब नको. पण तीन दिवसांपूर्वी नातीच्या, दिपालीच्या हळदीला कासार ओटीवर येऊन बसला आणि बाईजाचा धीर सुटला. लेकीच्या मांडवात सवाशिणीचा एक हात मोकळा? नवरा गेल्यापासून आपले मोकळे हात ती रोज बघत होती. तिनेच हट्टाने देवकीचा डावा हात कासारापुढे केला. सात हिरव्या बांगड्या, घट्ट.

आता म्हातारीने साबण लावून त्या एकेक करून काढल्या. एक तर वाढवावीच लागली.

एसटीत ती सारखी पुटपुटत होती.

"तुला मीच मारली गो. मीच."

देवकी खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा नवरा महादू कालच लेकीच्या सासरी, शहापूरला, पूजेसाठी गेला होता. पोराला काय तोंड दाखवायचं, हीच बाईजाला भीती होती.

कल्याणच्या डॉक्टरांनी हातावर मशीन फिरवून पाहिलं.

"बांगड्यांचा दाब पडला असेल, पण हे तीन दिवसांचं दुखणं नाही," ते म्हणाले. "रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काम जंतूंशी लढायचं. या आजारात त्या चवताळतात आणि आपल्याच रक्तवाहिनीला चिकटतात. ती आतून सुजते, जाड होते, वाट हळूहळू बुजत जाते. आवाज आधीच मंद झाला असणार. रोज कोण बघतं?"

"मीच," देवकी म्हणाली.

"मग कळलं नाही?"

देवकीने पदर डाव्या मनगटावर ओढून घेतला.

"आता मानेत नळी घालावी लागेल. त्यातून जंतू शिरले तर जिवावर बेततं. पण दुसरा इलाज नाही."

डॉक्टर गेल्यावर देवकी हळूच म्हणाली, "दीड महिना झाला, आत्या. आवाज बसलेलाच होता. सांगितला असता तर लगीन पुढं गेला असता."



"आन् बांगड्या?" बाईजाने विचारलं.

"हात जाणारच होता. म्हटला, दोनी हात भरून पोरीला वाटं लावू."

"मला एवढा येळ जळत ठेवलीस?"

बाईजाला संताप आला. सकाळपासूनची भीती एकदम सुटली आणि तिच्या जागी दुसरीच येऊन बसली, त्या नळीची. तिने सुनेचा हात धरला. तो गार होता.

"दिपालीला नका सांगू," देवकी म्हणाली. "माझ्या लग्नापायी आईनं दुखणं लपवला, हे ती जन्मभर मनाला लावून घेईल."

नर्सने देवकीला आत नेलं. बाईजा समोरच्या एसटीडी बूथवर गेली आणि सोबत आणलेल्या चिठ्ठीवरचा शहापूरचा नंबर लावून घेतला. फोन महादूने उचलला.

"आई? काय झाला?"

मागून दिपालीचा आवाज आला, "बाबा, कोण हाय? आई बरी हाय ना?"

बाईजाने फोन दोन्ही हातांनी धरला.

"मीच बांगड्या भरायला लावल्या रे तिला," ती म्हणाली. "त्याच्यानंच हात बंद पडला."

पलीकडे महादू ओरडू लागला. ती ऐकत उभी राहिली.