खारं लाकूड

ड्वेनने आणलेली एखादी वस्तू आवडावी, ही सवय नोरीनची केव्हाच मोडली होती. पण हे लाकूड तिला बघताक्षणी आवडलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्या माशांच्या टाकीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपासून दर महिन्याला गळ घेऊन डोंगरातल्या तळ्यावर जायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा. या खेपेला मात्र झाडाचं एक मूळ घेऊन आला. पाण्याने घासून गुळगुळीत झालेलं, फाटे फुटलेलं, मधोमध पोकळ. तिच्या बुजऱ्या कॅटफिशला लपायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

"तळ्याच्या काठावर सापडलं," म्हणाला आणि टीव्हीसमोर जाऊन बसला. आभार मानून घ्यायलाही थांबला नाही, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

सापडलेलं लाकूड उचलून थेट टाकीत टाकायचं नसतं. कुजका भाग खरवडायचा, तारेच्या ब्रशने घासायचं, उकळायचं, मग पाणी बदलत बदलत भिजत ठेवायचं. पाणी चहासारखं तांबूस व्हायचं थांबेपर्यंत आणि लाकूड आपणहून बुडेपर्यंत धीर धरायचा. नोरीनने पीच बरण्यांत भरताना वापरायचं मोठं पातेलं गॅरेजमधल्या शेगडीवर चढवलं आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खरवडायला बसली.

एका फाट्याचा मऊ भाग ढासळला आणि आत नळ्या दिसल्या. करंगळी जाईल एवढ्या, आणि आतून चुन्यासारखं पांढरं, पातळ अस्तर.

नोरीन ऑरेगनच्या किनाऱ्यावर वाढलेली. तिच्या वडिलांची मासेमारीची बोट होती आणि धक्क्याचे लाकडी खांब अशाच नळ्या पाडणाऱ्या समुद्रातल्या किड्याने पोखरून पोखरून खाल्ले होते. हा किडा खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाही. तिने फाट्याचं टोक जिभेला लावलं. खारट.

पहिला विचार बाईचा आला. कुणालाही आला असता. किनाऱ्यावर कुणी ठेवली असेल, महिन्याच्या महिन्याला जातोय, आणि मनाला टोचलं म्हणून हे लाकूड. खरं तर बाई असती तर परवडली असती, असं तिला थोड्याच वेळात वाटणार होतं.

ड्वेन जेवायला बसला होता. तिने ते ओलं मूळ त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"गोड्या पाण्यात समुद्राचा किडा कुठून आला, ड्वेन?"

किडे काय, कुठेही होतात, असं तो पुटपुटला.

"चाटून बघ."

त्याने चाटलं नाही. काटा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "कोडीने दिलंय."

कोडी त्यांचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी त्याने लाकूड कापायच्या गिरणीतली नोकरी सोडली. बापाने ओळखीपाळखी लावून मिळवून दिलेली नोकरी, त्यामुळे बापाच्या अंगाचा तिळपापड झाला. नोरीन तेव्हा हॉस्पिटलच्या धुलाईघरात रात्रपाळीला होती. सकाळी परतली तर मुलाची खोली रिकामी. ड्वेनने सांगितलं, गेला, आपल्याशी संबंध नको म्हणाला. फोन बदललेला, पत्ता कुणाला माहीत नाही. ती झुरत राहिली आणि हा शेजारी बसून टीव्ही बघत राहिला.

आणि आता कळत होतं की दोन वर्षं हा गळ गाडीत टाकून मुलालाच भेटायला जात होता.

"मला का नाही सांगितलंस?"

मग एकेक करून बाहेर आलं. त्या रात्री त्याने कोडीला सांगितलं होतं की, तुला घराबाहेर काढायचं हे आईचं म्हणणं आहे. रागात निघून गेलं तोंडातून. चार वर्षांनी मुलाचा पत्ता लागला, भेट झाली, तेव्हा ते निस्तरायचं धाडस झालं नाही. आईला वेळ दे, एवढंच सांगत राहिला.

नोरीन ओरडली नाही. "फोन लाव," म्हणाली.

त्याने लावला, स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर तिच्यापुढे सरकवला. पलीकडे कोडी "बोला बाबा" म्हणाला. आवाज जाड झाला होता. आई बोलतेय, असं तिने सांगितलं, पोटच्या मुलाला ओळख सांगावी लागली.

"लाकूड मिळालं का?" त्याने विचारलं. "माझं आहे म्हणून सांगू नका, असं मीच बाबांना म्हटलं होतं. फेकून दिलं असतंस."

"कोडी, मी तुला कधीच घालवलं नाही रे. मी त्या रात्री घरात नव्हते. ते सगळं बाबांनी—"

"बाबांवर ढकलू नकोस." तो शांतपणेच बोलत होता, आणि तेच तिला जास्त लागलं. "या दोन वर्षांत तुझ्याविरुद्ध त्यांनी एक वाईट शब्द काढला नाही. मी चिडायचो तेव्हा मलाच समजावायचे."

नोरीनने फोन उचलून ड्वेनच्या तोंडासमोर धरला. "सांग त्याला."

ड्वेनने तोंड उघडलं. त्याची नजर फोनवरून तिच्याकडे गेली, तिच्याकडून खिडकीकडे. समोर बसलेल्या बायकोपेक्षा पोराच्या नजरेत मोठं राहणं त्याला जास्त हवं होतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"हॅलो?" कोडी म्हणाला. "आहे का कुणी?"

तिचा हात भरून आला तरी तिने फोन खाली घेतला नाही.

"बरं, ठेवतो. उद्या बोटीवर निघतोय, अलास्काला. बाबांना माहीत आहे."

फोन बंद झाला. ड्वेनने काटा पुन्हा उचलला.

"परत आला की सांगतो," तो म्हणाला.